एकाच रथातलं भांडण



आज मी महाभारतातली एक गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात करते आपल्या बचत गटाच्या बैठकीपासून, कारण ही गोष्ट मला सापडली ती त्या बैठकीमुळंच.

मी गटांची समन्वयक. महिनाभर या गल्लीतून त्या गल्लीत बैठका चालू असतात. असाच एक गट, सगळ्या मागावरच्या घरातल्या बायका. कुणाचा नवरा जॉबर, कुणाचा वहिफणीला, कुणी स्वतः कारखान्यात कांड्या भरते. त्यातली एक सभासद मुलीकडं पुण्याला राहायला गेली आणि जागा रिकामी झाली. त्याच गल्लीत एक भाभी राहते. बिहारची, भागलपूरकडची. नवरा रात्रपाळीला मागावर. ती बैठकीला आली, दाराशी बसली, मोडक्या मराठीत म्हणाली, "मला पण बचत करायचं हाय." चहा घेतला आणि गेली.

ती गेल्यावर बोलणं सुरू झालं. पहिला मुद्दा बरोबर होता. "ही माणसं छटपूजेला गावाकडं जातात, परत आलीच न्हाईत तर कर्जाचं काय?" हप्ता थकला की सगळ्या गटाला भोगावं लागतं, त्यामुळं ही काळजी कुणालाही वाटेल. पण बोलणं तिथं थांबलं नाही. "त्यांच्या बायका दारात बसून केवढ्यानं बोलत्यात." "त्यांच्या तेलाचा वास पार माडीपर्यंत येतोय." "त्या बायकांचं काय खरं नसतंय बघा." शेवटचं वाक्य कुणी बोललं हे मला माहीत आहे, पण सांगणार नाही, कारण त्यावर कुणीच काही म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. मी इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं, "नवीन सभासदाबाबत पुढील बैठकीत विचार करू." पुढच्या बैठकीत पुन्हा तेच लिहिलं. त्याच्या पुढच्या बैठकीतही.

याच सुमारास आपल्या केंद्रावरून मला सांगितलं, की कर्णावर एक भाषण तयार कर. मी खूश झाले. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला कर्ण काही नवा नाही. शिवाजी सावंत आजऱ्याचे. १९६७ साली त्यांची 'मृत्युंजय' आली आणि तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी घरांत ती आहे. मी बारावीत असताना रात्री जागून वाचली होती. कर्णाला 'सूतपुत्र' म्हणून हिणवतात ती पानं वाचताना रडले होते.

या वेळी ठरवलं, की कादंबरी पुन्हा न वाचता मूळ महाभारतातलं कर्णपर्व वाचायचं. वाचनालयातून मराठी भाषांतर आणलं. आणि त्यात मला जे सापडलं ते 'मृत्युंजय' वाचताना मनात बसलेल्या कर्णाशी जुळेना.

प्रसंग सांगते. युद्धाचा सतरावा दिवस. भीष्म पडले, द्रोण गेले, आता कौरवांचा सेनापती कर्ण. तो दुर्योधनाला म्हणतो, अर्जुनाचा सारथी कृष्ण आहे, मलाही तसाच सारथी पाहिजे, मद्रदेशाचा राजा शल्य मला द्या. हा शल्य म्हणजे माद्रीचा भाऊ, नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. तो खरं तर पांडवांकडं निघाला होता. वाटेत दुर्योधनानं त्याचा इतका पाहुणचार केला, की तो शब्दात अडकला आणि कौरवांच्या बाजूला आला. सारथी हो म्हटल्यावर तो भडकला. मी राजा, आणि सूताच्या पोराचा रथ हाकू? दुर्योधनानं त्याला चढवून ठेवलं, तू कृष्णापेक्षाही वरचढ आहेस म्हणाला. तेव्हा शल्य तयार झाला, पण एका अटीवर. रथावर बसून मी कर्णाला मनाला येईल ते बोलणार.

आणि तो बोलला. कर्ण फुशारकी मारू लागला, तसं शल्यानं त्याला उष्टं खाऊन माजलेल्या आणि हंसाशी उडण्याची पैज लावून समुद्रात बुडायला आलेल्या कावळ्याची गोष्ट ऐकवली. कर्णाचं डोकं फिरलं. मग त्यानं काय करावं? शल्याच्या शौर्याबद्दल, त्याच्या फसवणुकीबद्दल बोलावं की नाही? थोडं बोललाही. पण मग त्यानं शल्याचा सगळा देशच धरला. मद्र देशाचे लोक मित्रद्रोही, खोटारडे. आणि तिथून लगेच गाडी आली बायकांवर. तिथल्या बायका दारू पितात, मांस आणि लसूण खातात, घराबाहेर येऊन नाचतात, गातात, मोठ्यानं हसतात, त्यांना लाजलज्जा नाही. एक गोष्ट तर अशी सांगतो, की तिथल्या बाईकडं कुणी आंबवलेली कांजी मागितली तर ती म्हणते, एक वेळ मुलगा देईन, नवरा देईन, पण कांजी देणार नाही!

मैत्रिणींनो, हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं. मोठ्यानं बोलतात. दारात येतात. खाण्याचा वास. बायकांचं काय खरं नाही. माझ्या वहीत न लिहिलेलं आमच्या बैठकीतलं सगळं बोलणं तिथं होतं, शब्द तेवढे बदललेले.

आणि लसणाचं तरी काय घेऊन बसलात! लसणावरून बाईचं चारित्र्य ठरवायचं म्हटलं तर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात एक बाई सुटायची नाही. ना ठेचा, ना रस्सा, ना आमटीची फोडणी.

आता यातल्या दोन गोष्टी नीट बघण्यासारख्या आहेत.

पहिली अशी, की कर्ण यातलं बरंचसं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगत नाही. तो म्हणतो, धृतराष्ट्राच्या सभेत एक म्हातारा ब्राह्मण आला होता, तो देशोदेशी फिरलेला, त्यानं हे सांगितलं. म्हणजे ऐकीव! कुणीतरी कुणालातरी सांगितलं आणि ते रणांगणावर पोचलं. याच ऐकीव गोष्टींत एका परदेशी माणसाचं गाणंही येतं. पंजाबकडचा, ज्याला ते बाह्लीक म्हणतात असा एक माणूस कुरूंच्या देशात येऊन राहिलेला. त्याला घरच्या बाईची आठवण येते. तो म्हणतो, ती उंच, गोरी, पातळ कांबळं नेसलेली माझी बाई आता झोपताना माझीच आठवण काढत असेल. कधी एकदा शतद्रू आणि इरावती ओलांडून माझ्या देशाला जाईन! शतद्रू म्हणजे सतलज, इरावती म्हणजे रावी. कर्ण हे चेष्टा म्हणून सांगतो. पण आपल्या गावात मागाच्या खोल्यांत आठ-आठ, दहा-दहा जण राहणारी पोरं रात्री फोनवर गावाकडं बोलत असतात, ती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यात हसण्यासारखं काही दिसणार नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. हे बोलणारा कोण? कर्ण. हस्तिनापुरात राजपुत्रांच्या कसरती चालल्या होत्या तेव्हा ज्याला कुळ विचारून खाली बसवलं तो. "तुझ्या हातात चाबूकच शोभेल," असं ज्याला भीमानं ऐकवलं तो. जन्मावरून बोलणं खाणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि वेळ आल्यावर त्यानंही हातात तोच धोंडा घेतला.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. ती कर्नाटकातून लग्न होऊन आलेली. तिच्या मराठीला कानडी हेल होता. नळावर तिची नक्कल व्हायची, ती घरी येऊन पदर डोळ्याला लावायची, असं आई सांगायची. तीच आजी पुढं राजस्थानातून आलेल्या शेजारणीची नक्कल करून आम्हा पोरांना हसवायची. मी खूप हसले आहे त्या नकलेला.

आपलं इचलकरंजी असंच भरत आलं आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, नारायणराव बाबासाहेब घोरपडे सरकारांनी धंद्याला पाठबळ दिलं, आणि मग माग वाढले तशी माणसं येत गेली. सीमेपलीकडून कानडी, मारवाडी व्यापारी, तेलुगू विणकर, नंतर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा. प्रत्येक खेपेला आधी आलेल्यांनी नंतर आलेल्यांना नावं ठेवली.

आता शल्याचं उत्तर ऐका. तो म्हणतो, कर्णा, तू ज्या अंग देशाचा राजा आहेस तिथं काय चालतं? आजारी माणसाला टाकून देतात, बायको-पोरं विकतात. म्हणजे त्यानंही तसाच चिखल उचलला. पण पुढं तो जे बोलतो ते मी तीनदा वाचलं. त्याचा मतलब असा. चारी वर्णांची माणसं सगळ्या देशांत आहेत आणि चांगल्या बायकाही सगळ्या देशांत आहेत. दुसऱ्यांची टर उडवून मजा घेणारेही प्रत्येक देशात आहेत. दुसऱ्याचे दोष काढण्यात प्रत्येकजण हुशार, स्वतःचे मात्र दिसत नाहीत, आणि दिसले तरी न दिसल्यासारखं करतो.

हे शहाणपण कवीनं कुणाच्या तोंडी घातलं? कृष्णाच्या नाही, विदुराच्या नाही. आत्ताच ज्यानं स्वतः शिवी दिली त्या शल्याच्या तोंडी. शेवटी दुर्योधन मध्ये पडतो, हात जोडून दोघांना थांबवतो. कर्ण हसतो आणि म्हणतो, हाक रथ. दोघं एकाच रथात बसलेले, एकाच बाजूचे. त्याच दिवशी संध्याकाळच्या आत कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुतलं आणि तो मारला गेला. दुसऱ्या दिवशी शल्य सेनापती झाला आणि अर्ध्या दिवसात तोही गेला.

आता अंग देश कुठला, हे सांगायचं राहिलं. अंगाची राजधानी चंपा. आजच्या बिहारमधल्या भागलपूरला लागून चंपानगर आहे, तीच ही चंपा. तिथं एका टेकाडाला आजही कर्णगढ म्हणतात. म्हणजे आपण ज्या कर्णासाठी रडतो तो आमच्या भाभीच्या गावचा राजा! आणि चंपानगर कशासाठी ओळखलं जातं माहिती आहे? हातमागासाठी. टसर रेशमाच्या विणकरांची वस्ती आहे ती. विणकरांच्या मुलखातली बाई विणकरांच्या गावात आली होती आणि आम्ही तिला तीन महिने दारात बसवलं होतं.

मैत्रिणींनो, हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. ग्रीक लोकांचं होमरचं 'इलियड' हे महाकाव्यही असंच दोन लोकांच्या लढाईचं. ग्रीक आणि ट्रॉयचे लोक. त्यात ट्रॉयची फौज निघते ती क्रौंच पक्ष्यांसारखी कलकलाट करत, आणि ग्रीक मात्र गप्प, शिस्तीत. दुसऱ्या एका ठिकाणी ट्रॉयच्या फौजेत नाना भाषांची माणसं आहेत म्हणून त्यांच्या आवाजाला धार काढायला थांबलेल्या मेंढ्यांच्या ओरडण्याची उपमा दिली आहे. बोलीवरून हसणं तिथंही आहेच. पण त्याच काव्याचा शेवट काय? ट्रॉयचा म्हातारा राजा रात्री शत्रूच्या तंबूत जातो. ज्यानं आपला मुलगा हेक्टर मारला त्याच अकिलीसच्या हाताचं चुंबन घेतो आणि मुलाचं प्रेत मागतो. अकिलीसला स्वतःचा बाप आठवतो. दोघंही रडतात. काव्य ग्रीकांचं, पण ते संपतं शत्रूच्या अंत्यविधीवर, हेक्टरची बायको, आई आणि भावजय हेलन यांच्या विलापावर.

आपल्या महाभारतात तर रडणाऱ्या बायकांसाठी एक सगळं पर्वच आहे. स्त्रीपर्व. युद्ध संपलं आहे. गांधारी डोळ्यांवर पट्टी बांधलेली, पण व्यासांच्या कृपेनं तिला सगळं रणांगण दिसतं. ती कृष्णाला एकेक प्रेत दाखवत जाते. आधी स्वतःची मुलं. पण ती तिथं थांबत नाही. शत्रूचा मुलगा अभिमन्यू, त्याच्याजवळ बसलेली उत्तरा. मग ती कर्ण दाखवते, आणि शुद्ध हरपून पडणारी, पुन्हा उठून रडणारी त्याची बायको. नंतर ती शल्य दाखवते. आणि शल्याभोवती कोण असतं? मद्र देशाच्या बायका. तलम वस्त्रं नेसलेल्या, राजाला घेरून आक्रोश करणाऱ्या. ज्यांना कर्णानं भर रणात निर्लज्ज म्हटलं त्याच या बायका. गांधारी त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द बोलत नाही.

पुढं ती कलिंगाचा राजा दाखवते, मगधाचा राजा दाखवते. मगधाच्या बायकांबद्दल म्हणते, त्यांचे डोळे मोठे, गळे गोड, त्यांचं रडणं ऐकून माझं मन भांबावून जातं. कलिंग म्हणजे ओडिशा, मगध म्हणजे दक्षिण बिहार. आज आपल्या कारखान्यांत तिथली किती माणसं आहेत ते तुम्हीच मोजा. त्या बायकांचा मोठा आवाज कर्णाला ऐकू आला असता तर त्यानं त्याचीही चेष्टा केली असती. गांधारीला तो गोड लागला.

हे सगळं मी गटातल्या आमच्या कानडी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं, आमच्याकडं शाळेत कर्ण शिकवतात. आणि खरंच, कन्नडमधला आदिकवी पंप यानं ९४१ साली महाभारत रचलं. त्याचा आश्रयदाता राजा अरिकेसरी. पंपानं त्याला अर्जुन ठरवून काव्य लिहिलं. म्हणजे कर्ण हा नायकाचा वैरी. तरी शेवटाकडं तोच पंप सांगतो, की भारतातल्या कुणा एकाची आठवण ठेवायची तर कर्णाची ठेवा. त्याच्यानंतरचा रन्न हा तर आपल्या जवळच्या मुधोळचा, बांगड्या विकणाऱ्यांच्या घरातला. त्याच्या काव्यात हरलेला दुर्योधन रणांगणातून चालत जातो. वाटेत अभिमन्यू पडलेला दिसतो. दुर्योधन थांबतो, त्या पोराच्या शौर्याला हात जोडतो आणि म्हणतो, मलाही असं मरण यावं. शत्रूचं पोर, आणि त्याच्या मरणात त्याची आपलीच माणसं गुंतलेली.

मला यातून एवढं समजलं. महाकाव्यांतली माणसं एकमेकांच्या देशाला नावं ठेवतात, आणि त्यात सगळ्यात आधी बाईला पकडतात. तिचं खाणं, तिचा आवाज, तिचं दारात उभं राहणं. कवी हे लपवत नाही. पण शेवटी तो त्या बायकांना समोर आणून उभं करतो आणि आपल्याला बघायला लावतो. ऐकीव गोष्टीतली बाई आणि नवऱ्याच्या प्रेताशी बसलेली बाई एकच आहे, हे तो गांधारीच्या डोळ्यांनी दाखवतो.

पुढच्या बैठकीत मी भाषणाचा हा कागद गटात वाचला. भाभीचं नाव घेतलं नाही. वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "म्हंजे कर्णपण नळावरच्या बाईगत भांडत हुता की!" सगळ्या हसल्या. मी हसले, पण मग मी माझं सांगितलं. म्हटलं, तीन महिने मी वहीत खोटं लिहिलं. विचार करू म्हणून लिहिलं आणि विचार केलाच नाही. तुमच्यातल्या कुणी वाईट बोललं तेव्हा समन्वयक म्हणून थांबवायचं काम माझं होतं.

कर्जाचा प्रश्न मात्र तसाच होता. त्यावर महाभारतात उत्तर नाही, तो आम्हालाच सोडवायचा होता. तासभर चर्चा झाली. शेवटी ठरलं, की नवीन येणारी कुणीही असो, इथलीच असो नाहीतर बाहेरची, पहिले सहा महिने नुसती बचत, त्यानंतर अंतर्गत कर्ज, आणि पहिलं कर्ज तिच्या बचतीच्या दुपटीपेक्षा जास्त नाही. एका ताईनं शेवटपर्यंत नाही म्हटलं. तिचं नाही म्हणणंही वहीत लिहिलं, कारण तो तिचा हक्क आहे. पण या वेळी ती कर्जावर बोलली, बायकांवर बोलली नाही.

भाभीला बोलवायला मीच गेले. तिचा नवरा रात्रपाळी करून झोपलेला, म्हणून ती हळू आवाजात बोलत होती. मी तिला विचारलं, तुमच्या गावाजवळ कर्णगढ आहे का? ती चकित झाली. म्हणाली, "हाय ना दीदी, तुमाला कसं म्हाईत?" मी म्हटलं, आमच्याकडं सगळ्यांना कर्ण माहीत आहे. गढी कुठं आहे ते माहीत नव्हतं.

आता तिचा बचतीचा तिसरा महिना चालू आहे. गेल्या बैठकीला ती घरून ठेकुआ करून घेऊन आली होती. कणकेचा, गूळ घातलेला, तळलेला. आमच्या कानडी मावशींनी दोन खाल्ले आणि तिसरा नातवासाठी पदरात बांधला.

तुमच्या गटात, तुमच्या नळावर, तुमच्या कारखान्याच्या दारात अशी कुणी बसलेली असेल तर तिला तिचं गाव विचारा. आणि आपल्या केंद्राला कळवा, ती काय म्हणाली ते.